पांढरी धूळ

कुमुद,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या माणसांसमोर तुझा दादा, माझा नवरा, उभा राहिला आणि म्हणाला, “आमच्या कुमुदला कारखान्यांच्या धुळीने नेलं.” मंडपातल्या माना हलल्या. रायपुरात या वाक्याला पुरावा लागत नाही. जो तो आपल्या गच्चीवरून सकाळी फिरवलेला काळा फडका आठवतो आणि विश्वास ठेवतो. मी पहिल्या रांगेत होते. त्याच्या थोडं आधी पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, माझा आवाज थांबला होता. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, हुंदका आला. हुंदका नव्हता तो. तुझ्यावरचा राग होता.

दोन दिवस आधी तुझ्या पाखरांच्या दाण्यांच्या डब्यात मला एक चिठ्ठी सापडली होती. छातीच्या डॉक्टरांची, सव्वादोन वर्षांपूर्वीची. त्यांनी लिहिलं होतं की, पाखरांच्या पिसांतून झडणाऱ्या भुकटीने तुझ्या फुप्फुसांना सूज आली आहे. आणि खाली, दोनदा अधोरेखित करून: पक्षी घरातून ताबडतोब हलवावेत. त्याच चिठ्ठीच्या पाठीवर तुझं सुबक, कचेरीत घोटलेलं अक्षर होतं: ‘दुसरी पेटी, पाच अंडी. चौथं रिकामं वाटते, परत पाहणे.’

तुला तुझ्या मरणाचा कागद मिळाला, आणि तू त्याची मागची बाजू कोरी आहे एवढंच पाहिलंस.

मी तुझ्यावर रागावले आहे. हे वाक्य अलंकाराशिवाय लिहिते, कारण अलंकारांनी राग मऊ पडतो आणि मला तो मऊ पडू द्यायचा नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण बत्तीस वर्षं जी नणंद माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या भाजीत मीठ कमी आहे हे भाजी चुलीवर असतानाच वासावरून सांगायची, तिला एवढ्यात परकी करून आदराने बोलण्याचं बळ माझ्यात नाही.

आठ वर्षांपूर्वी तू स्वेच्छानिवृत्ती घेतलीस. लोक अशा दिवशी पेढे आणतात. तू सदर बाजाराच्या मागच्या गल्लीतून पिंजरा आणलास. रिक्षातून उतरताना तो छातीशी धरला होतास, आणि त्यावर टाकलेल्या तुझ्या ओढणीखाली काहीतरी शीळ घालत होतं.

“हे काय आणलंस?”

“कॉकटील. जोडी आहे. नर-मादी.”

“पोपट पाळायला बंदी आहे ना गं?”

“आपल्या इथल्या हिरव्या पोपटाले बंदी आहे, वहिनी. हे परदेशी. विचारून आली मी. तीस वर्षं सरकारी नियम टाइप केले, इतकं तर मले समजते.”

राखाडी अंग, लिंबासारखा पिवळा चेहरा, गालावर नारिंगी टिकली आणि डोक्यावर मनाप्रमाणे उठणारा, पडणारा तुरा. वरच्या तुझ्या खोलीत तो पिंजरा टांगला गेला आणि घराचा आवाज बदलला. दोघंही सकाळपासून शीळ घालायचे. एक सुरू करायचा, दुसरा ती उचलून वर न्यायचा. मला वाटायचं, प्रेम याहून वेगळं काय असतं! समोरच्या छत्तीसगढी शेजारीणबाई फाटकातून विचारायच्या, “दीदी, मिट्ठू मन के बिहाव कब होही?” त्यांना प्रत्येक पाखरू मिट्ठू, आणि या मिट्ठूंच्या लग्नाची घाई. तू खिडकीतून ओरडायचीस, “हव, हव! मुहूर्त निघून राहिला!”

नऊ महिने मुहूर्त निघाला नाही. पेटी लावली, भुसा पसरला, अंडं काही पडेना. मग एका दुपारी तू कुठेतरी वाचलंस की वयात आलेल्या मादीच्या शेपटीखाली आडवे पट्टे असतात, आणि पंचम लावून गातो तो नर. तू एकेक पाखरू हातात धरून उलटं केलंस आणि जिन्यात येऊन बसलीस.

“पट्टे नाहीत.”

“कोणाला?”

“कोणालेच नाहीत. नऊ महिने आपण दोन नवरदेवांसमोर सनई वाजवली, वहिनी.”

आणि तू हसलीस. पायरीवर हात आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्या हसण्यात खोकला नव्हता. तुझं प्रत्येक हसणं मला आता खोकल्याच्या अलीकडे की पलीकडे, असं वेगळं काढून ठेवावं लागतं. हेही तूच केलंस.

पुढे तू एक नर बदलून मादी आणलीस आणि शिकलीस. खरंच शिकलीस. दीड वर्षाची झाल्याखेरीज मादीला पेटी द्यायची नाही. पेटी लाकडाची, एका बाजूला गोल भोक, तळाला बोटभर भुसा. पिंजऱ्याच्या दांडीला समुद्रफेसाचा तुकडा अडकवायचा, म्हणजे अंड्याचं कवच पक्कं होतं. मोड आलेले मूग, उकडलेलं अंडं कुस्करून. वर्षातून दोनदाच वीण, मग पेटी काढून घ्यायची, मादी कितीही मागे लागली तरी. “नाहीतर पोरीच्या अंगातलं सारं कॅल्शियम निघून जाते,” असं तू मला सांगायचीस आणि मी मान डोलवायचे. कुलरचा वारा थेट लागता कामा नये. आवाज नको. अनोळखी माणूस नको. तू त्या खोलीला बाळंतिणीची खोली म्हणायचीस, आणि आम्ही तिघं तिथे चपला काढून, हलक्या पावलांनी जायचो.

पहिल्या अंड्याचा सातवा दिवस. तू मला वर बोलावलंस, पडदा ओढलास आणि दोन बोटांत ते अंडं धरून मागे मोबाइलचा दिवा लावलास.

“पाह्य, वहिनी.”

आत लाल धाग्यांचं जाळं होतं. एका बिंदूतून निघून कवचाच्या कडेपर्यंत गेलेलं, आणि तो बिंदू हलत होता. मी एम.ए.ला असताना पहाटेवर कविता केल्या होत्या. नागपूरच्या वसतिगृहात मुलींनी त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. पहाट म्हणजे काय, ते मला त्या दुपारी, पडदा ओढलेल्या खोलीत कळलं. अंडं परत ठेवताना तुझा हात इतका सावकाश गेला की पेटीतला बाप फुत्कारलाही नाही. दिवसा बाप बसतो आणि रात्री आई, हेही तुझ्याकडूनच कळलं. खाली आल्या आल्या तू दादाला ऐकवलंस, “पोरग्याच्या वेळी तू एक रात्र तरी जागला काय? त्या पाखराजवळ जाऊन बस जरा.” दादा वर्तमानपत्रामागे गेला.

त्या दुपारबद्दल मी तुझी ऋणी आहे. लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी असं समजू नये की मला तुझी पाखरं आवडत नव्हती.

आपलं एक भांडण तसंच राहिलं. पिल्लं तीन आठवड्यांची झाली की तू ती पेटीतून काढायचीस आणि स्वतः भरवायचीस. वाकवलेल्या चमच्याने, मनगटावर थेंब टाकून ऊब पाहत. हातावर वाढलेलं पिल्लू माणसाळतं, न्यायला येणाऱ्याच्या खांद्यावर बसतं. मला ते पाहवायचं नाही. आई-बाप रिकाम्या पेटीत डोकं घालून हाका मारायचे. दोन दिवस, कधी तीन.

“ही चोरी आहे, कुमुद.”

“चोरी काहून? तिचं ओझं कमी करून राहिली मी.”

“तिने सांगितलं का तुला, तिला ओझं होतंय म्हणून?”

“तू लग्न होऊन आली तेव्हा तुह्या आईले कोणी विचारलं होतं काय?”

यावर मी चमचा विसळायला घेतला. उत्तर पंधरा दिवसांपूर्वी सुचलं: नव्हतं विचारलं, म्हणून तर ती चोरी. तू नाहीस.

आता त्या दिवसाकडे येते. इतका वेळ टाळत होते.

या शहराला काळ्याची सवय आहे. वारा भनपुरीच्या कारखान्यांकडून सुटला की गच्चीवर काजळी उतरते. वाळत घातलेली चादर झटकली तरी तिच्यावर बोटांचे ठसे उमटतात. अनवाणी दोन फेऱ्या मारल्या की टाचा कोळशावर चालल्यासारख्या होतात. पाहुणे आले की तू पेरूच्या पानावरून बोट फिरवून त्यांच्यासमोर धरायचीस: “पाहा, हे आम्ही श्वासात घेतो.” त्यात तक्रार होती, थोडं मिरवणंही होतं. म्हणून तुला कोरडा खोकला सुरू झाला तेव्हा आम्ही सगळ्यांनी काळ्याकडे बोट दाखवलं. आपल्या गल्लीत कोण खोकत नाही?

पांढरी धूळ आम्हाला दिसत नव्हती असं नाही. ती रोज दिसायची. तुझ्या खोलीतल्या आरशावर, फोटोंच्या चौकटींवर, मी वर ठेवलेल्या काळ्या बांधणीच्या वह्यांवर. तांदळाच्या पिठीसारखी, बोटाला मऊ, आणि उन्हाचा कवडसा आत आला की त्यात सावकाश तरंगणारी. तिला भाजलेल्या पिठाचा कोरडा, गोडसर वास होता. मला तो आवडायचा. कॉकटीलच्या पिसांतून ती सतत झडते. तू म्हणायचीस, “नटव्या आहेत साऱ्या. पावडर लावल्याशिवाय बाहेर नाही निघत.” आणि आम्ही हसायचो. घरात मरण तरंगत होतं, आणि आम्ही त्याला टोपणनाव ठेवलं होतं.

तू एकटी डॉक्टरांकडे गेलीस. हिवाळा होता, मी ओट्याशी लाखोळीची भाजी निवडत होते. तू ई-रिक्षातून उतरलीस, आत येऊन पाणी प्यालीस, आणि एक्स-रेचं पाकीट फ्रीजवर ठेवलंस.

“काय म्हणतात डॉक्टर?”

“काय म्हणन? तेच. धूळ.”

“कोणती धूळ?”

“आता रायपुरात धुळीचे प्रकार विचारशील काय, वहिनी? काळी. खिडकी लावून ठेवा म्हणते.”

“एवढंच?”

“ओढायचा पंप देला एक. अन् बोलणं कमी करा म्हणते. ते तुह्यासाठी लिहून घेतलं मी.”

मी हसले. कुमुद, मी हसले, आणि त्याच दुपारी स्टूल घेऊन वर गेले. तुझ्या खोलीला एकच खिडकी, उत्तरेकडची. मी तिला आतून जाड प्लास्टिक लावलं, चारही बाजूंनी खाकी पट्टी चिकटवली. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फटी होत्या, त्यात मैद्याची खळ लावून वर्तमानपत्राच्या पट्ट्या भरल्या. माझी नखं खळीने पांढरी झाली होती. हवा काढून टाकणारा पंखा होता, त्याच्यातूनही काजळी येते म्हणून त्यावर पुठ्ठा ठोकला. तू खाली स्टूल धरून उभी होतीस. खालून मान वर करून तू म्हणालीस:

“तो कोपरा राहिला, वहिनी.”

ही चिठ्ठी तेव्हा तुझ्या पर्समध्ये होती.

मी गेले पंधरा दिवस हे वाक्य उलटंपालटं करून पाहते आहे. मला कविता शिकवणारे सर म्हणायचे, ओळीचा अर्थ लागेना तर ती मोठ्याने म्हणा. मी म्हटली. भांडी घासताना, तुझ्या खोलीतलं प्लास्टिक ओरबाडून काढताना म्हटली. ‘तो कोपरा राहिला.’ तुला माहीत होतं की बाहेरची हवा तुझी वैरी नाही, आतली आहे. तुला माहीत होतं की मी जी फट बुजवते आहे, त्या फटीतून तुझा श्वास येतो. आणि तू मला राहिलेला कोपरा दाखवलास. तू स्वतःच्या जिवाचं काय करायचं ते करायला मोकळी होतीस, असं फार तर मी एक दिवस म्हणेन. पण माझे हात? ते मी तुला कधी दिले होते?

त्यानंतर तू त्या डॉक्टरांकडे फिरकली नाहीस. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून औषध घेत राहिलीस आणि तिथेही काळ्या धुळीचीच कथा सांगितलीस. जिन्याच्या चौदा पायऱ्यांवर तू आधी दहाव्या पायरीवर थांबायचीस, मग सातव्या, मग चौथ्या. आम्ही म्हणालो, खाली झोप. तू म्हणालीस, “तिसऱ्या पेटीतली पहिलटकरीण आहे, एकटी घाबरते.” संध्याकाळी अंग तापायचं. बोटांची टोकं फुगून गोल झाली, नखं त्यावर घड्याळाच्या काचेसारखी बसली. शेवटच्या वर्षी प्राणवायूचं यंत्र आलं, तेही तू त्याच खोलीत लावून घेतलंस. थोड्याच दिवसांत थोरल्या नराने त्या यंत्राची शिट्टी उचलली. हुबेहूब. मी पदर सावरत वर धावायचे, आणि तू नाकात नळी घालून, खोकत, हसत विचारायचीस, “कोण बोंबलून राहिलं, वहिनी? मशीन का नवरदेव?”

तुझ्या विनोदांचा मला इतका तिटकारा येईल असं कधी वाटलं नव्हतं. प्रत्येक विनोद हे एक दार होतं, आणि तू ते माझ्या तोंडावर लावून घेत होतीस. मीही मूर्ख, दारावरची नक्षी पाहत उभी.

चिठ्ठी सापडली तेव्हा मी ती दादासमोर टेबलावर ठेवली. त्याने चष्मा लावला नाही. तेव्हाच मला कळलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“शेवटल्या आठवड्यात समजलं. शेवटी भरती केलं त्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणे, घरात पाखरं होती काय? मी म्हटलं, आहेत. त्यानं डोक्याले हात लावला.”

“मला का नाही सांगितलं?”

त्याने चिठ्ठीच्या कडेवरून अंगठा फिरवला. “खिडकी तू लावली होती ना. काहून सांगू?”

दोन भावंडं तुम्ही. लपवण्याची रीतही एकच. तू मला वाचवलं नाहीस आणि याने वाचवलं, पण दोघांनी मला आंधळीच ठेवली.

मी म्हटलं, आता तरी सांगू या. तुझ्याकडून पाखरं नेलेली कितीतरी घरं आहेत. अभनपूरपर्यंत तुझी पिल्लं गेली आहेत. कोणाच्या बंद खोलीत, कोणाच्या पाळण्याशेजारी ती पिसं झाडत असतील. दादा एकदम उठला.

“अन् मग काय होईन माहीत आहे? भीतीनं सारे पिंजरे उघडतील. पाळलेलं पाखरू बाहेर एक दिवस नाही जगत. कावळे टिपून टाकतील. तिनं चमच्यानं भरवलेली पाखरं आहेत ते. अन् लोक काय म्हणतील? पागल होती, पाखरासाठी मेली.”

“नव्हती का?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तुझ्या अस्थींवर हात उगारला आहे. मग दोन दिवसांनी तो मंडपात उभा राहिला आणि ते वाक्य म्हणाला. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचीही मला लाज वाटते, आणि ती लाजही मी तुझ्याच नावे लिहिते.

लोक आताच म्हणू लागले आहेत: एकटी बाई, लेकरू नाही, बाळ नाही, पाखरांत जीव रमवला बिचारीने. हे ऐकलं की माझ्या कानशिलांत आग पेटते. तू एकटी कुठे होतीस? मी होते. बत्तीस वर्षं एकाच पातेल्यातला चहा आपण प्यालो. माझ्या मुलाच्या तापात तू रजा काढलीस. तुझ्या साहेबाने तुझ्यावर आवाज चढवला तेव्हा मी तुझ्या कचेरीत जाऊन त्याला शुद्ध मराठीत असं काही सुनावलं की त्याला एक अक्षर कळलं नाही आणि तरी तो घामाघूम झाला. तू एकटी होतीस या समजुतीने लोकांना तुझं मरण सोपं होतं. मला ते सोपं करून नको आहे.

तू का सांगितलं नाहीस, ते मला कळतं. तेच असह्य आहे. मी त्याच संध्याकाळी सगळे पिंजरे घराबाहेर काढले असते. तू रडली असतीस, भांडली असतीस, अन्न सोडलं असतंस, आणि मी ऐकलं नसतं. तू मला पूर्ण ओळखत होतीस. त्या ओळखीचा उपयोग तू असा केलास. एकदा विचारून पाहायचं होतंस. म्हणायचं होतंस, वहिनी, मला यांच्याशिवाय जगायचं नाही. मी काय केलं असतं, ठाऊक नाही. पण निदान आपण दोघी मिळून हरलो असतो.

पाखरं अजून आहेत, अकरा. मी ती मागच्या जाळीच्या पडवीत हलवली आहेत. नाकातोंडाला मास्क बांधून, ओला फडका फिरवून साफ करते. पेट्या सगळ्या काढून टाकल्या. नवी वीण होणार नाही. मी तुझा वारसा वगैरे चालवत नाही, तसं कोणी म्हटलं तर मी उठून जाईन.

परवा रविवारी सकाळी नेहा आली. तुला आठवत असेल, भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत काम करते ती मुलगी. घरी मराठी ऐकते, उत्तर हिंदीत देते. स्कूटीच्या पायाशी नवाकोरा पिंजरा होता. तुझ्या पुण्यानुमोदनालाही ती मागच्या रांगेत येऊन गेली होती. आधी तिने तुझ्या नावाने हात जोडले.

“आंटी, दीदी ने बोला था, एक जोड़ा मेरे लिए रखेंगी. मैं बच्चे निकलवाना सीखना चाहती हूँ. उन्होंने बोला था सिखाएँगी.”

दादा ओसरीत पेपर वाचत होता. मी तिला बसवलं आणि माझ्या नकळत तुझ्या क्रमाने सांगू लागले: दीड वर्षाखाली पेटी नाही, शेपटीखालचे पट्टे स्वतः पाहून घे, दुकानदाराचं ऐकू नकोस, समुद्रफेस. ती मोबाइलवर टिपून घेत होती. मग मी विचारलं, “ठेवणार कुठे?”

“मेरे रूम में ही आंटी, एक ही तो रूम है. एसी वाला. खिड़की सील करवा ली है मैंने. बाहर से कितना काला डस्ट आता है ना! पाखरं बीमार हो जाएँगी.”

तिने ‘पाखरं’ तुझ्यासारखं म्हटलं. ओसरीतला पेपर हलायचा थांबला.

मी सांगितलं. जवळजवळ सगळं. पांढरी भुकटी, मी बंद केलेली खिडकी, खोकला, सुजलेली फुप्फुसं. आवाज चढवला नाही. सगळ्यांनाच होतं असं नाही, हेही सांगितलं. उघड्या हवेत, जाळीत, ओल्या फडक्याने, मास्क लावून माणसं पाखरं पाळतात. पण जिथे झोपतेस तिथे नाही, बंद खोलीत तर नाहीच नाही. आणि कोरडा खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, घरी पाखरं आहेत.

“पर उस दिन तो भैया ने सबके सामने बोला, फैक्ट्री की...”

“भैया चुकीचं बोलले. मीही तिथेच बसले होते. मीही बोलले नाही.”

नेहा मांडीवरच्या पिंजऱ्याच्या तारांमधून बोटं काढत, घालत राहिली. “दीदी को पता था?”

इथपर्यंत मी आले नव्हते. खिडकी मी लावली, हे मी तिला सांगितलं होतं. तुला माहीत होतं, हे सांगितलं नव्हतं. सांगितलं नसतं तर तू तिच्या मनात फसलेली, भोळी, धुळीने नेलेली राहिली असतीस. मी तुझ्या दादाकडे पाहिलं. त्याने पेपर खाली केला होता आणि डोळ्यांनी मला ‘नको’ म्हणत होता. आयुष्यात त्याने मला इतकं स्पष्ट काही मागितलं नसेल.

“हो,” मी म्हटलं. “तिला माहीत होतं. सव्वादोन वर्षं.”

तो उठून आत गेला.

“फिर भी?” नेहा म्हणाली. “फिर भी रखा?”

“हो. फिर भी.”

तिने पिंजरा उचलला, पुन्हा स्कूटीच्या पायाशी ठेवला. मला वाटलं, आता ही येणार नाही. किल्ली फिरवता फिरवता ती म्हणाली, “मकान-मालिक की साइड में बालकनी है. बात करती हूँ. जाली लगेगी तो आऊँगी.”

“आलीस तर आधी बाल्कनी पाहायला मी येईन. मग पाखरं.”

ती गेल्यावर दादा आतूनच म्हणाला, “आता साऱ्या शहराले सांगशील काय?”

“जो पाखरू घ्यायला येईल त्याला, आणि ज्यांनी तिच्याकडून नेलंय त्या प्रत्येकाला. पिंजरे उघडू नका, खिडक्या उघडा, असं सांगेन.”

“तिले आवडलं असतं काय हे?”

नसतं आवडलं. तू माझ्याशी बोलणं टाकलं असतंस, जेवताना पाठ करून बसली असतीस. मग दोन दिवसांनी माझ्या भाजीत मीठ कमी आहे म्हणाली असतीस. मी हे सगळं जाणते, आणि तरी सांगणार आहे. कुमुद, तुझी बाजू मांडायची होती, तर तू इथे असायला हवी होतीस.